काकांच्या गळ्यातले आवाज

आमच्या फर्मचा रबरी शिक्का करून घ्यायचा होता, तेव्हाची गोष्ट. ठाकुर्ली पूर्वेला स्टेशनपासून चार मिनिटांवर शिक्क्यांचं एक जुनं दुकान आहे, भागीदारीत धंदा करणारे सगळे तिथेच जातात, असं आमच्या वकिलांच्या क्लार्कने सांगितलेलं. मी नंबर लावला. पलीकडून जाड, घोगरा, साताऱ्याकडचा आवाज आला.

"बोला. काय पायजे?"

मी सांगितलं, दोघांची फर्म आहे, शिक्का हवाय.

"आज न्हाय व्हायचं. बेस्तरवारी या. दोगंबी या, पर येका टायमाला नगं."

गुरुवारी दुपारी मी गेलेलो. दुकान म्हणजे एका दुमजली इमारतीच्या जिन्याखालची खोली. काउंटरमागे एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ बसलेले. पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, बोटांना जांभळी शाई. मी विचारलं, "ते साताऱ्याकडचे काका आहेत का? त्यांनी बोलावलंय मला."

"ते बसत नाहीत आता," म्हातारे म्हणाले. आवाज बारीक, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखा. "काय काम आहे ते मला सांगा."

काम सांगून बाहेर पडलो आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सहज विचारलं, यांचे भागीदार आजारी आहेत का.

"कोण, भाऊ? त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

"पण मी परवाच फोनवर बोललो त्यांच्याशी."

"हां, फोन तेच उचलतात," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काचेवर ठेवलं.

त्या बारीक आवाजाच्या गृहस्थांना सगळे काका म्हणायचे. दुकानाच्या पाटीवर दोन आडनावं होती आणि मध्ये 'आणि'. ऊन लागून दोन्ही नावं फिकी पडलेली, 'आणि' मात्र लालभडक. दर दसऱ्याला काका स्टुलावर चढून तेवढाच एक शब्द रंगवायचे. नावंही रंगवा की, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "नावं फिकी झाली तरी वाचता येतात."

शिक्का हवा असेल तर काका आधी मजकूर मोठ्याने वाचायला लावायचे. फर्मचं नाव, पत्ता, खाली 'भागीदार'. एकदा नाही, तीनदा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे ते बघत नसत, गळ्याकडे बघत. तुम्ही वाचताय आणि समोरचा म्हातारा तुमच्या गळ्याच्या घाटीवर नजर ठेवून आवाज न करता ओठ हलवतोय, हे पहिल्यांदा जाणवलं की हात आपोआप कॉलरकडे जायचा. माझाही गेलेला.

चहा विचारायचे नाहीत. "चहा घेतला की माणूस गोड बोलतो," म्हणायचे. "मला तुमचं नेहमीचं बोलणं हवंय."

मग ते दोघांना वेगवेगळ्या दुपारी बोलवत. एक आला की दुकानाचं दार अर्धं ओढून घेत, समोर बसत आणि त्याच्या होणाऱ्या भागीदाराच्या आवाजात त्याच्याशी बोलायला लागत. नक्कल नव्हे ती. नकलेत एक चेष्टा असते, आवाज थोडा फुगवलेला असतो. इथे काहीच फुगवलेलं नसायचं. तोच माणूस, तसाच श्वास घेत, तुमच्यासमोर बसून बोलायचा. फक्त आजचं नाही, पुढचं. चार-पाच वर्षांनी तुमचं फाटेल त्या दिवशी तो काय म्हणेल, ते.

"भांडण आधी करून घ्या," काका म्हणायचे. "सही काय, कधीही होते. धंदा मोडणारे माझ्याकडे परत येतात, शिक्का रद्द करायचा म्हणून. मी प्रत्येकाला विचारतो, काय झालं? कुणी म्हणतं माल खराब, कुणी म्हणतं वेळ पाळत नाही. अर्धा तास बसवलं की कळतं, एखादं वाक्य बोलायचं राहून गेलेलं असतं. चार वर्षं ते आतच पडून असतं."

डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवायला निघालेल्या दोघी जावा त्यांच्याकडे आलेल्या, हे मला झेरॉक्सवाल्याने सांगितलं. थोरली दाराआड बसली, दहा मिनिटांत बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. आत काकांनी धाकटीच्या आवाजात एवढंच म्हटलेलं, "ताई, तुम्ही माझ्या हातचं कधी जेवलाच नाहीत."  थोरली म्हणाली, खरंय. बारा वर्षांत नाही जेवले. त्या दोघींनी तेव्हा शिक्का नेला नाही. वर्षभराने नेला. केंद्र अजून चालू आहे, मी स्वतः तिथली घडीची पोळी खाल्ली आहे.

काहीजण हसून निघून जायचे. रबरी शिक्का काय, कुठेही अर्ध्या तासात मिळतो. काका त्यांना अडवत नसत.

एकदा एक बाई त्यांच्याकडे आपल्या वारलेल्या भावाचा आवाज मागायला आली. भाऊ पूर्वी याच दुकानात शिक्का करून गेलेला. काकांनी हात जोडले. "मी आवाज ठेवून घेत नाही हो. काम झालं की परत करतो." ती गेल्यावर झेरॉक्सवाला हळूच म्हणाला, "मग भाऊंचा?" काकांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

आता आमच्याबद्दल. माझं डोंबिवली एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळली की ती उघडायची, आतली जळकी तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची म्हणजे मोटर भरायची, व्हर्निश मारून सुकवायची. माझा भागीदार मिलिंद ठाण्यातल्या वर्तकनगरचा. तो पंप बसवायचा आणि काढायचा. त्याने काढलेली मोटर माझ्याकडे यायची, मी भरलेली मोटर तो बसवायचा. सहा वर्षं असं चाललेलं. मग लक्षात आलं की एकच सोसायटी आम्हा दोघांना वेगवेगळं खेळवते. मोटर परत जळली की मला सांगणार फिटिंग चुकलं, त्याला सांगणार वाइंडिंग चुकलं. एक दिवस मिलिंदच म्हणाला, "एकाच नावाने करूया की. मग कुणाला कुणाकडे बोट दाखवता येणार नाही."

माझी बैठक मंगळवारी दुपारी झाली. दार अर्धं ओढलेलं, बाहेर रिक्षांचे हॉर्न. काकांनी डोळे मिटले, उघडले आणि समोरून मिलिंद बोलायला लागला. वाक्य सुरू करण्याआधी नाकातून हलकासा श्वास सोडायची त्याची सवय आहे. तीही होती.

"तू लोकांसमोर मला 'आमचा माणूस' म्हणतोस," तो आवाज म्हणाला. "'आमचा माणूस पाठवतो.' मी तुझा माणूस नाहीये. अर्धी फर्म माझी आहे."

मी हसलो. अजून फर्मच झाली नव्हती. मी असं कधी म्हटलंही नव्हतं. काकांना तसं सांगितलं. ते आपल्या बारीक आवाजात म्हणाले, "बरं. लक्षात राहू द्या," आणि दार उघडलं. घरी जाताना मला हसू येत नव्हतं. गाडीत शेजारचा माणूस फोनवर बोलत होता आणि मी उगाच त्याच्या गळ्याकडे बघत होतो.

मिलिंदची बैठक बुधवारी झाली. त्याला काय ऐकवलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. शुक्रवारी शिक्का मिळाला.

दोन वर्षांनी ठाण्यातल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मी चेअरमनशी बोलत होतो. पंप बंद पडलेला, बायका बादल्या घेऊन खाली उभ्या. मी म्हटलं, "काळजी करू नका, तासाभरात आमचा माणूस..." आणि थांबलो. मान वळवली तर मिलिंद दारात, खांद्यावर पाइपरेंच. मी म्हटलं, "माझे पार्टनर आलेलेच आहेत. तेच बघतील."

काम झाल्यावर आम्ही गेटाबाहेर उसाचा रस घेत उभे होतो. मिलिंद म्हणाला, "तुला हेच ऐकवलेलं ना काकांनी?"

"हो. तुला काय?"

त्याने ग्लास संपवला. "तुझ्या आवाजात म्हणाले, 'मी घरी सांगितलेलं नाही.'"

 खरं होतं. माझे वडील जुन्या वळणाचे. गावाकडचं सगळं त्यांनी डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्येही सोबत आणलेलं. कोण कुणाच्या घरी पाणी पितो, कोण पीत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मिलिंदच्या घरात शिरल्याबरोबर समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. मी वडिलांना सांगितलेलं की मिलिंद माझ्याकडे कामाला आहे.

"तुला दोन वर्षं माहीत होतं?" मी विचारलं.

"सही करायच्या आधीपासून."

"मग सही का केलीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होतो," मिलिंद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

त्याच रविवारी मी त्याला आणि त्याच्या आईला घरी जेवायला बोलावलं आणि वडिलांना आदल्या दिवशी सांगून टाकलं. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला मात्र बसले. मिलिंदची आई त्यांना म्हणाली, "तुमच्या मुलाने भरलेली मोटर जळत नाही हो, आमचा मिलिंद नेहमी सांगतो." वडील म्हणाले, "अजून एक पोळी घ्या." आमच्या घरात एवढं पुष्कळ होतं.

हे काकांना सांगायला म्हणून मी पुढच्या गुरुवारी गेलो. चारच्या सुमारास फोन वाजला. काकांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि फोन कानाला लावला.

"हां, बोल. जेवलीस न्हवं? आन त्ये गुडघ्याला ल्येप लावलास का? लाव की मग. न्हाय न्हाय, मी बरा हाय. गिऱ्हाईक हाय म्होरं. ठिवतो."

समोर तेच बसलेले होते. बारीक मान, पांढरा शर्ट. पण आवाज एका दणकट माणसाच्या छातीतून येत होता, आणि बोलताना काकांचे खांदेसुद्धा रुंद झाल्यासारखे वाटत होते. फोन ठेवून त्यांनी बटण लावलं.

"भाऊंच्या वहिनी," ते म्हणाले. "म्हणजे त्यांची पत्नी. दर गुरुवारी करतात."

"त्यांना माहीत आहे?"

"स्वतः अंत्यविधीला होत्या," काका म्हणाले. "माहीत नसेल कसं?"

मला पुढे काही विचारवलं नाही.  निघताना पाटीकडे बघायचंही टाळलं.

आमचं बरं चाललेलं. मग घोडबंदर रोडचं काम आलं. नवी टाउनशिप, सात टॉवर, प्रत्येकाच्या तळघरात चार-चार पंप. तिथल्या मॅनेजरची माझी ओळख निघाली. तो म्हणाला, "आम्हाला एकच माणूस जबाबदार हवा. भागीदारी वगैरे नको, उद्या तुमचं फाटलं तर आम्ही कुणाला धरायचं? तुम्ही एकटे करत असाल तर सांगा." तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघतो." आणि एका दुपारी एकटाच जाऊन तळघरं बघूनही आलो.

त्या टाउनशिपमधल्या प्लंबरने मिलिंदला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिलिंद वर्कशॉपवर आला. मी कॉइल भरत होतो.

"तू घोडबंदरला गेलेलास."

"नुसतं बघायला रे."

"आठ वर्षांत मी एकही पंप तुला न सांगता बघितलेला नाही." तो नाकातून श्वास सोडून थांबला. "हे काकांनी नव्हतं सांगितलं मला. हे तू स्वतः केलंस."

मी काहीतरी बोललो. बहुतेक असं, की तुझ्याच भल्याचं होतं. तो गेला. त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकांना फोन केला नाही. जळकी मोटर आली तर टेम्पोवाला आणून टाकायचा, भरली की घेऊन जायचा. वर्कशॉपमध्ये व्हर्निशचा वास आणि मशीनचा आवाज, बाकी काही नाही. आपण एखाद्याचं नुकसान केलंय हे कळतं आणि तरी पहिला फोन आपल्याकडून होत नाही. त्या तीन आठवड्यांत मी हा विचित्र हट्ट रोज बघत होतो.

एका बुधवारी अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

"माझा मोबाइल पाण्यात गेला रे," मिलिंद म्हणाला. "वॉचमनच्या फोनवरून बोलतोय. वर्तकनगरला ये, जुन्या कॉलनीच्या पंपावर. मोटर एकट्याने उचलत नाहीये."

मी शटर ओढून निघालो. तासाभराने पोचलो तेव्हा मिलिंद पंपरूममध्ये ओणवा होता. मोटर अर्धी वर आलेली, दोर त्याच्या मनगटाला करकचून गुंडाळलेला. मला बघून तो तसाच थांबला.

"तू कसा आलास?"

"तूच बोलावलंस ना. फोन करून."

त्याने दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशातला मोबाइल काढून दाखवला. कोरडा होता. "मी नाही केला."

पंपरूममध्ये थेंब पडत होते कुठूनतरी. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच नाव आलं, पण कुणी उच्चारलं नाही.

"सकाळी ठाकुर्लीला गेलेलो," मिलिंद हळू म्हणाला. "शिक्क्याची शाई संपलेली. त्यांनी विचारलं, आज कुठे काम आहे, एकटेच का. मी सांगितलं." मग दोराकडे बघून म्हणाला, "आधी हे उचल."

आम्ही मोटर उचलली. मी ती डोंबिवलीला नेऊन भरली, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून बसवली. पाणी वर चढल्याचा आवाज पाइपला कान लावून ऐकला. मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "हो." मॅनेजरला मी तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, दोघं आहोत, दोघंच राहणार. त्याने काम दुसऱ्याला दिलं. वाईट वाटलं, दोघांनाही.

पण मिलिंदच्या डोक्यातून तो फोन जात नव्हता. "समेट झाला ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण माझ्या आवाजात कुणी तिसराच माणूस बोलतो म्हणजे काय? उद्या माझ्या आईला फोन करेल."

गुरुवारच होता. दुपारी आम्ही ठाकुर्लीला गेलो.

दुकानात काकांसमोर एक वयस्कर बाई बसलेल्या. नऊवारी, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. काका म्हणाले, "या वहिनी, भाऊंच्या पत्नी. नातीचं लग्न काढलंय, म्हणून आज स्वतः आल्यात." मिलिंदने त्यांना नमस्कार केला आणि सरळ काकांकडे वळला.

"काका, काल माझ्या आवाजात तुम्ही फोन केलात?"

"केला."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"मग नको हेच माझं उत्तर होतं ना," मिलिंद म्हणाला.  काकांनी मान खाली घातली, तेव्हा ते एकदम खूप म्हातारे दिसले.

"त्यांना बोलू नका बाळा," वहिनी म्हणाल्या. "त्यांना का राहवत नाही ते मला माहीत आहे. हे दोघं असेच अबोला धरून बसलेले. आठ महिने. आमच्या ह्यांना कॉम्प्युटरचं मशीन घ्यायचं होतं, यांना हाताने अक्षरं जुळवायची होती. तेवढ्यावरून. सकाळी हे बसायचे, दुपारी ते. तोंड बघायचं नाही एकमेकांचं. मग ह्यांना कावीळ झाली, कल्याणच्या दवाखान्यात ठेवलं. सहा दिवसांत संपलं."

"आणि काका आले नाहीत?" मी विचारलं.

"आलो होतो," काका म्हणाले. "रोज. खाली उभा राहायचो. वर जायला पाय उचलत नव्हता."

वहिनी पिशवीचे बंद सारखे करत राहिल्या.

मिलिंद काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याचा राग ओसरलेला दिसत होता, पण तो हटला नाही. त्याने विचारलं, "काका, तुम्ही आम्हाला सगळ्यांना समोरच्याचं ऐकवता. भाऊ तुम्हाला काय म्हणाले असते, ते कधी ऐकलंत?"

"नाही."

"का?"

"भाऊ माझ्याशी बोलत नाही," काका म्हणाले. हे त्यांनी आजची तारीख सांगावी इतकं सरळ सांगितलं. "फोनवर येतो. गिऱ्हाइकाशी बोलतो, वहिनींशी बोलतो. माझ्याशी नाही."

"मग आज बोलवा."

मी मिलिंदचा हात धरला. पण वहिनी म्हणाल्या, "बोलवा भावजी. मलाही ऐकायचंय."

काकांनी डोळे मिटले. एरवी ते समोरच्याच्या गळ्याकडे बघायचे, आज समोर गळाच नव्हता. त्यांनी वरचं बटण काढून स्वतःच्याच गळ्यावर हात ठेवला. बाहेर भर दुपार होती, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. 

"आरं, येडा का तू?" तो घोगरा आवाज म्हणाला. "मशिनीपायी कुनी मैतर सोडतंय व्हय?"

"तू हसलास माझ्या हाताला," काकांचा बारीक आवाज लगेच आला. "लोकांसमोर. म्हणालास, यांचा हात आता थरथरतो."

"म्हनलो. चुकलं माजं."

"एकदा म्हणाला असतास तेव्हा."

"तू म्होरं आला असतास तर म्हनलो असतो." आवाज थांबला. काकांचे डोळे मिटलेलेच. मग तो पुन्हा आला, आणखी खोल. "सा दिस खाली हुबा ऱ्हायलास. त्या फुलाफुलाच्या बायकी छत्रीखाली. मी खिडकीतनं बगत हुतो तुला. हिला म्हनलं, त्येला वर बलाव. दोन येळा म्हनलं. ही न्हाय ग्येली."

काकांनी खाडकन डोळे उघडले. आधी मिलिंदकडे बघितलं, मग वहिनींकडे. गळ्यावरचा हात त्यांनी भाजल्यासारखा काढला.

"हे मी नाही बोललो," ते आपल्या आवाजात म्हणाले.  "वहिनी, हे माझ्या मनातलं नाही. शपथेवर सांगतो."

वहिनींच्या हातात एक पत्रिका तशीच धरलेली होती. त्यांनी चष्मा काढला.

"दोन वेळा नाही," त्या म्हणाल्या. "तीन वेळा म्हणाले होते."

त्या काकांकडे वळल्या.

"मला वाटलं, आठ महिने माझ्या माणसाला छळलंत, आता उभे राहा उन्हात. आणखी एक दिवस. उद्या बोलावते म्हटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवरच नव्हते." त्यांनी पदराने चष्मा पुसला, पण घातला नाही. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. दर गुरुवारी फोन करायची, वाटायचं, आज काढतील तो विषय. काढला नाही कधी."

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला वाटलं ते ओरडतील, रडतील. ते काउंटरवरच्या जांभळ्या डागांकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. वहिनींनी पत्रिका त्या हातात दिली.

"येईन," काका म्हणाले.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. शिक्के करायचे, दोन-चार तासांत देऊन टाकायचे. दाराआड कुणाला बसवलं नाही, आणि गिऱ्हाइकाला चहा विचारायला लागले. लग्नाला गेले, वहिनींच्या माणसांत पहिल्या पंगतीला बसले, असं झेरॉक्सवाल्याने सांगितलं. मी त्यांना एकदा विचारलं की ते सगळं त्या दिवशी कुठून आलं. ते म्हणाले, "मला विचारू नका. मी रोज विचारतो."

पण मला जास्त आठवतो तो त्या दुपारचा परतीचा रस्ता. आम्ही स्टेशनच्या पुलावर चढलो. मला डोंबिवलीला उतरायचं होतं, मिलिंदला पुढे ठाण्याला. पुलाच्या मध्यावर तो थांबला, कठड्याला टेकला. घसा साफ केला, पण लगेच बोलला नाही. मला कळलं, मलाही तसंच होत होतं. तोंड उघडावं आणि कुणाचा आवाज येईल याची खात्री नसावी, असं.

शेवटी तो बोलला, आणि तो मिलिंदच होता.

"मी कधी वर असलो, हॉस्पिटलमध्ये वगैरे," तो म्हणाला, "तर खाली थांबू नकोस. कुणी बोलावलं नाही तरी ये."

"तू पण," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. खालून आमची गाडी येत होती, पण आम्ही दोघंही धावलो नाही.